दोन ठोक्यांच्या आधी

ता. ३ फेब्रुवारी

चि. भावोजींस,
अ. आ. वि. वि.

त्या सकाळी दूध तापवून उतरवलं होतं, चादरी भिजत घातल्या होत्या आणि मी मागच्या मोरीत आदल्या रात्रीची भांडी घेऊन बसले होते. मोठं पातेलं तळाला लागलं होतं, ते खरवडत होते. नळ सोडलेला. तुमचे दादा आतल्या खोलीत लोखंडी पलंगावर उशांना टेकून बसलेले. तुम्ही आदल्या दिवशी ऑर्केस्ट्राच्या दौऱ्यावरून आला होतात आणि अकॉर्डियन उशाशी घेऊन पुढच्या खोलीत झोपला होतात. निदान मला तसं वाटत होतं. मी नळ बंद केला आणि रोजच्या सुरात विचारलं, आहात ना हो, आहात ना. मग थांबले. थोड्या वेळाने पलंगाच्या दांडीवर अंगठीचे दोन ठोके पडले आणि मागोमाग त्यांचा आवाज आला, इथेच आहे, जाऊ कुठे. मी नळ सोडला आणि पुन्हा पातेल्याला लागले.

एवढंच झालं होतं. तुम्ही तोंडात ब्रश आणि हनुवटीवर फेस घेऊन दारात उभे राहिलात आणि हे कुठलं गाणं म्हणून विचारलंत. मी म्हटलं, गाणं कसलं, भांडी घासते आहे. तुम्ही चूळसुद्धा न भरता आत पळालात आणि अकॉर्डियन वाजायला लागलं. तुमचा चहा गार झाला, तो मी दोनदा तापवला. पुढे गाण्यात तुम्ही माझ्या ‘आहात ना हो’चं ‘आहेस ना रे’ केलंत. तेव्हा तुमचे दादा म्हणाले होते की आता सगळ्या जगासमोर बायको मला अरेतुरे करणार.

रेडिओवरच्या बाईंना गाण्याचा इतिहास हवा आहे असं तुम्ही लिहिलंत. मी वाचनालयातून इतिहासाची पुस्तकं आणते, त्यात राजे असतात, लढाया असतात. मोरीतल्या गाण्याचा इतिहास म्हणजे वर लिहिला तेवढा. तेवढाच सांगा.

पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहून टाकलंत की माझी धाकटी जाऊ हल्ली अर्धा जिना चढली की कठड्याला धरून उभी राहते आणि खालचं दार लावलं का ते आठवत होते असं सांगते. तुमचे दादाही असेच जिन्यात थांबून काहीतरी आठवत असत. तिला डॉक्टरकडे न्या. ती नको म्हणेल. तरी न्या.

माया आहेच, ती पत्रातूनही दिसू द्या.
तुमची वहिनी


ता. ११ फेब्रुवारी

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र तिला न दाखवता कोटाच्या खिशात ठेवलं आणि तिला डॉक्टरकडे नेलं. नेलं म्हणजे भांडून नेलं. तिच्या हृदयाची एक झडप नीट मिटत नाही. ती बदलावी लागेल, आणि लवकर. पुढच्या महिन्याच्या दोन तारखेला ऑपरेशन ठरलं आहे. डॉक्टर भला माणूस आहे, सगळं नीट समजावून सांगतो, आणि त्यामुळेच जास्त भीती वाटते. मी विचारलं की धोका किती. तो म्हणाला, धोका आहे.

वहिनी, मी घाबरलो आहे. हे फोनवर सांगता येत नाही, कारण फोन तिच्या खुर्चीशेजारी आहे. ती झोपली की मी तिच्या नाकाशी दाढीचा आरसा धरतो. काल तिने डोळे न उघडताच सांगितलं की दाढी करायची असेल तर स्वतःची करा. ती न्हाणीघरात गेली की मी दाराबाहेर काहीतरी शोधत असल्यासारखा उभा राहतो. आत ती गुणगुणते तोवर ठीक. चूळ भरायला थांबली की माझा जीव जातो. तिला हे कळतं. ती चूळसुद्धा आता घाईघाईत भरते.

तिचा हट्ट आहे की ऑपरेशनच्या आधी रेडिओचा कार्यक्रम करायचाच. वीस तारखेला आम्ही दोघांनी आपलं गाणं तिथेच, थेट म्हणायचं आहे. प्रश्न तिचा, उत्तर माझं, रेकॉर्डमध्ये होतं तसंच. ठोके मी अकॉर्डियनच्या लाकडावर वाजवणार. पण रेडिओवरच्या बाईंची एक अडचण आहे. प्रश्न आणि ठोके यांच्यामधली ती थांबलेली जागा त्यांना फार लांब वाटते. एवढा वेळ काही ऐकू आलं नाही तर लोकांना केंद्र बंद पडलं असं वाटेल, म्हणून ती अर्धी करा म्हणतात. रेकॉर्डच्या वेळीही सगळे वादक असंच म्हणाले होते. पण मी ती तुमच्या घरी ऐकली तेवढीच ठेवली होती.

आता मला शंका येते. आजवर प्रत्येक स्टेजवर मी सांगत आलो की माझा भाऊ मोठा खट्याळ, बायकोला मुद्दाम ताटकळत ठेवायचा आणि मग हळूच टकटक करायचा. लोक हसतात, नवराबायको एकमेकांकडे बघतात. पण तुम्ही पत्रात फक्त ‘मग थांबले’ एवढंच लिहिलं आहे. न्हाणीघराच्या दाराशी उभं राहिल्यापासून ते दोन शब्द माझ्या डोक्यातून जात नाहीत. वहिनी, दादा खरंच तुमची गंमत करत होता का?

तुमचा,
तुम्ही चहा दोनदा तापवून दिलेला
दीर


ता. १४ फेब्रुवारी

चि. भावोजींस,
अ. आ. वि. वि.

विचारलंत म्हणून सांगते. नाहीतर सांगितलं नसतं.

गंमत नव्हती. तुमच्या दादांना दगड घासण्याच्या कारखान्यात लागून बरीच वर्षं झाली होती. ओट्यांच्या फरशा, दारावरच्या नावाच्या पाट्या, थडग्यांचे दगड, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. घरी आले की पापण्यांवर पांढरी भुकटी असायची. ती डोळ्यांवरची मी पुसत होते. आत गेलेली कोण पुसणार. तुम्ही आलात त्या सुमारास डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं की आता बरं व्हायचं नाही, सांभाळायचं. तुम्हाला फक्त दम्यासारखं आहे असं सांगितलं, कारण तशी त्यांनी मला शपथ घातली होती. तुमचं नुकतं बस्तान बसत होतं. खरं कळलं असतं तर तुम्ही ऑर्केस्ट्रा सोडून घरी येऊन बसला असतात. ते म्हणायचे, या घरातला एक भाता फाटला, दुसरा धाकट्याच्या गळ्यात आहे, तो चालू राहू दे.

मी काम करताना सारखी आत डोकावत असे. त्यांना ते आवडायचं नाही. ओल्या हातांनी दारात येऊन उभी राहतेस आणि माझ्या छातीकडे बघतेस, मला दुकानातल्या मालासारखं वाटतं, असं एकदा चिडून बोलले. म्हणून मी डोकावणं सोडलं आणि विचारायला लागले. नुसतं विचारलं तरी चिडले असते, म्हणून सुरात विचारलं. ते हसले, आणि त्यांनीही सुरातच उत्तर दिलं. मग तेच रोजचं झालं. नळाच्या आवाजात उत्तर बुडेल म्हणून आधी नळ बंद करायचा. नळ बंद झाला की आता प्रश्न येणार हे त्यांना कळायचं आणि ते श्वास गोळा करायला लागायचे. बोलायला श्वास पुरेना म्हणून आधी ठोके आले. अंगठी सैल झाली होती, ती दांडीवर छान वाजायची. ठोके म्हणजे आहे, आणि थांब, बोलतो.

ती थांबलेली जागा तेवढी आहे, भावोजी. त्यांना श्वास गोळा करायला लागायचा तेवढी. त्या वेळात माझे हात पातेल्यात तसेच राहायचे. मी घासत नसे, हलत नसे. आता नाही आलं उत्तर तर, एवढंच मनात असायचं. मग टकटक व्हायचं आणि दिवस पुढे सरकायचा. दिवसातून कितीतरी वेळा. तुम्ही ऐकलंत तेव्हा ती जागा तेवढी होती. तुम्ही गेल्यावर ती वाढत गेली. शेवटी शब्द गेले आणि नुसते ठोके राहिले.

गाणं रेडिओवर पहिल्यांदा लागलं तेव्हा ते होते. धाकटीचा तो कोवळा आवाज आला, आहेस ना रे, आहेस ना, आणि रेडिओ गप्प झाला. तेव्हा रेडिओच्या आधी त्यांनीच पलंगावर ठोकलं. मग रेडिओतले ठोके आले. ते म्हणाले, धाकट्याने मोजलं बरोबर आहे, मीच आज लवकर पोचलो. फार खूश होते.

पुढची कडवी तुम्ही रचलीत, म्हातारपणाची, पांढऱ्या केसांची, एका छत्रीत मावण्याची. लोक ते गाणं लग्नात वाजवतात, टेबलावर चमच्याने टकटक करतात. एका लग्नात सगळा मांडव एकदम टकटक करायला लागला तेव्हा मी उठून हात धुवायच्या जागी जाऊन उभी राहिले. पण मी कोणाला सांगितलं नाही, आणि सांगावंसंही वाटलं नाही. त्यांच्यासाठी ते आनंदाचं आहे, तर असू दे.

धाकटीला यातलं काही सांगू नका. तिने ते गाणं लाजत, हसत म्हटलेलं आहे. ऑपरेशन होईपर्यंत ते तसंच राहू दे.

जपून राहा. आरसा जागेवर ठेवा.
वहिनी


ता. २२ फेब्रुवारी

ती. जाऊबाईंस,
सा. न. वि. वि.

तुमच्या दिरांना गुपित सांगून तुम्ही मोठी चूक केलीत. त्यांच्या चेहऱ्यावर वर्तमानपत्रापेक्षा मोठ्या अक्षरात बातम्या येतात. तुमचं पत्र आलं त्या दिवशी ते जेवले नाहीत, अकॉर्डियनचा पट्टा पुसत बसले. मी विचारलं, ते काही नाही म्हणाले, पुन्हा विचारलं तर रडले आणि सगळं सांगून टाकलं. वर म्हणाले, वहिनींनी सांगू नका म्हटलंय. आता अशा माणसाचं काय करायचं, तुम्हीच सांगा.

राग नाही, जाऊबाई. उलट मलाच कसंतरी झालं. इतकी वर्षं ते गाणं म्हणते आहे आणि त्या थांबलेल्या जागी मी काय करत होते, तर पदराशी चाळा. रेकॉर्डच्या वेळी मला सांगितलं होतं की प्रश्न विचारून गालात हसायचं, हसू सुरात उतरतं. तशीच हसत आले.

परवा रेडिओवर हसले नाही. प्रश्न विचारला आणि खरंच थांबले. यांच्याकडे पाहिलं तर हेही माझ्याकडे बघत होते. हात अकॉर्डियनवर, पण ठोकायचं भान नाही. जागा नेहमीपेक्षा लांबली, मग आणखी लांबली. काचेपलीकडे त्या बाई उठून उभ्या राहिल्या आणि त्यांचा हात एका बटणाकडे गेला. माझ्या मनात आलं की आता हे उत्तर देणारच नाहीत, आणि मला जन्मात कधी वाटली नव्हती अशी भीती वाटली. मग यांनी ठोकलं. दुसरा ठोका जरा वाकडा पडला. कार्यक्रम संपल्यावर बाई आत आल्या, पाणी प्यायल्या. जागा कमी करायचं नाव काढलं नाही.

आता माझं मागणं. मला मरणाची भीती वाटत नाही असं म्हणणार नाही, वाटते. पण त्याहून जास्त भीती वाटते ती यांची. दोन तारखेला दाराच्या आत मी असेन, बाहेर हे असतील. विचारणारे हे आणि उत्तर द्यायची मी, आणि मला तर भूल दिलेली. माझ्याकडून उत्तर आलं नाही तर हा माणूस काय करेल? म्हणून विचारते, वाईट वाटून घेऊ नका. ज्या सकाळी ठोके आले नाहीत, त्या सकाळी तुम्ही काय केलंत? आणि दुसऱ्या दिवशी? तुम्ही त्यातून उठलात. ते कसं, हे मला कळलं तर मी निर्धास्त होऊन आत जाईन.

मोठ्या जावेने धाकट्या जावेवर रागवायचं असतं, ते मी परत आल्यावर. तोवर जीव लावून ठेवा.
तुमची धाकटी


ता. २५ फेब्रुवारी

सौ. धाकटीस,
अ. आ. वि. वि.

मी ऐकलं. शेजारच्या शिंपीणबाई माझ्याकडे बसल्या होत्या. तू विचारून थांबलीस तेव्हा त्या म्हणाल्या की तुमचा रेडिओ बिघडला, आणि बटणाला हात घालायला गेल्या. मी त्यांचा हात धरला. चांगला घट्ट धरला असणार, नंतर त्या मनगट चोळत होत्या. तो दुसरा वाकडा ठोका आला तेव्हा सोडला.

त्या सकाळचं सांगते. दूध तापवलं होतं. ह्यांना अर्धा कप पाजून झालं होतं आणि त्यांनी मिशीला लागलेलं बाहीला पुसलं, म्हणून मी रागावले होते. मग भांडी घेऊन बसले. नळ बंद केला, विचारलं, थांबले. ठोके आले नाहीत. मी पुन्हा विचारलं नाही. पुन्हा विचारलं असतं तर पुन्हा थांबावं लागलं असतं. मी नळ सोडला आणि राहिलेली सगळी भांडी घासली. चमचेसुद्धा एकेक करून. मी आत जाईपर्यंत ते आहेत, असं मला वाटत होतं. मग नळ बंद केला, हात कोरडे केले आणि आत गेले. हात दांडीवरच होता, अंगठी लोखंडाला टेकलेली. ते ठोकायला निघाले होते. मला तेवढं पुरलं. आजही पुरतं.

लोकांना मी यातून उठले असं वाटतं. मी वाचायला लागले, एवढं खरं. कारखान्याने ह्यांच्या हातच्या काही बिघडलेल्या पाट्या अंगणात टाकल्या होत्या, त्यांवरची कोरलेली अक्षरं बोटाने गिरवत मी वाचायला शिकले. बाकी उठले की नाही ते माहीत नाही. रोजचं काम असतं, ते करते.

दुसऱ्या दिवसाचं मात्र आत्ता सांगणार नाही. तुला तेच हवं आहे ते मला कळलंय. ऐकायचं असेल तर ऑपरेशनमधून उठ आणि मागून घे. असलं काही मी फुकट सांगत नाही.

मी येते आहे. चाव्या शिंपीणबाईंकडे देते. तू आत असशील तेव्हा भावोजींच्या शेजारी मी बसेन. एकट्याने थांबणं फार वाईट, मला माहीत आहे. दोघांनी थांबलेलं जरा बरं असावं. पाहू.

तुला मनात धरून ठेवणारी,
जाऊबाई


ता. २९ मार्च

सौ. धाकटीस,
अ. उ. आ. वि. वि.

घरी सुखरूप पोचले. शिंपीणबाईंनी माझी झाडं जगवली आहेत आणि माझी साखर संपवली आहे.

तू अर्धा जिना न थांबता चढलीस असं भावोजींनी कळवलं. मागोमाग त्यांनी तुला उचलून खाली आणायचा बेत केला होता आणि तू त्यांना हाकललंस, हेही कळलं. चांगलं केलंस.

ऑपरेशनच्या दिवसाचं तू मला तिथे विचारत होतीस, पण भावोजी समोर असायचे म्हणून मी टाळलं. बाकावर ते माझ्या शेजारी बसले होते. भिंतीकडे बघत, गुडघ्यावर एका हाताने दुसरा हात धरून. दार उघडलं आणि डॉक्टर झडप नीट बसली म्हणाले, तेव्हा ते माझ्याकडे वळून विचारायला लागले की नीट म्हणाले ना, नीटच म्हणाले ना. भीती तशी लगेच जात नाही.

दुसऱ्या दिवशी तुला काचेपलीकडे ठेवलं होतं. घशात नळी, दोन्ही हात पट्ट्यांनी बांधलेले. भावोजींनी काचेला तोंड लावून विचारलं. सुरात नाही, सूर कुठला लागतोय त्यांना. नुसतं ओठ हलवून. तू डोळे उघडलेस, मिटलेस. जागा लांबत चालली. आपलं गाणं बनल्यापासून एवढी लांबली नसेल. मी आपोआप नळ शोधायला लागले, खरंच सांगते, माझा हात हवेत फिरला. मग तुझ्या पायाचा अंगठा पांघरुणाखालून पलंगाच्या दांडीवर आपटला. एकदाच. दुसरा ठोका आला नाही. भावोजी पांढरेफटक पडले. तू झोपली आहेस असं नर्सने चारदा सांगूनही त्यांना पटेना. तू जागी होऊन खूण केलीस, तेव्हा संध्याकाळ झाली होती. पांघरूण मध्ये आलं असं तू आता म्हणतेस. असेल. पण आम्ही दोघं त्या दुसऱ्या ठोक्याची वाट बघत दिवसभर तिथे होतो, हे लक्षात ठेव आणि गोळ्या वेळेवर घे.

आता माझं उरलेलं सांगणं. तू मागून घेतलंस, म्हणून देते. मोठं काही नाही, त्यामुळे तुझी निराशा होईल. भावोजींना लागेल तेव्हा सांग, किंवा सांगू नकोस.

तुम्हा दोघांना माझ्या आयुष्यातलं जे उरलं असेल ते लागो. पत्र पाठवत राहा.

ह्यांना पोचवून आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी दूध तापवलं आणि भांडी घेऊन मोरीत बसले. मधेच नळ बंद केला, विचारलं, आणि रोज थांबत होते तेवढा वेळ थांबले. मग नळ सोडला आणि राहिलेली भांडी घासली.

तुझी,
जाऊबाई